दवाखान्याच्या दारात अडवलं तर कायदा, आन काउंटरवर अडवलं तर?

गिरणगाव_लेक: इंग्लंड-वेल्समध्ये 31 ऑक्टोबर 2024 पासून गर्भपाताच्या दवाखान्याभोवती 150 मीटरच्या आत बायकांना अडवणं, त्रास देणं, त्यांचं मन वळवणं गुन्हा झालाय, अमेरिकेत वाट अडवण्याविरुद्ध 1994 चाच कायदा हाय. आपल्याकडं पण पाहिजे की. मागं वहिनीला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेलते, दोन पोरी हायत, तिसरं नको होतं, सातवा आठवडा. काउंटरवरची बाई सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं वरडली, "पाडायचंय का? मालक कुठायत?" शेजारी आमच्याच गल्लीतली विड्या वळणारी मावशी बसलेली. वहिनीनं पदर तोंडाला लावला आन सरळ रिक्षात जाऊन बसली.

सात_रस्ता_काका: ताई, सोलापुरात कुठल्या दवाखान्यासमोर लोक गर्भपाताविरुद्ध फलक घेऊन उभे असतात ओ? आपल्याकडं 150 मीटर मोजले तर चार मेडिकल, दोन चहाच्या गाड्या, रिक्षा स्टॉप आन एक मारुतीचं देऊळ आत येतंय, कुणाकुणाला उचलणार? आणि शांतपणे कुणी दोन शब्द सांगितले तर तो गुन्हा कसा, हे मला पटत नाही.

रात्रपाळी: काकांचं अर्धं बरोबर. आपल्याकडं अडवणूक रस्त्यावर नाही, आत आहे. 18 वर्षांवरच्या बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागतच नाही, हे गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यातच आहे. 2021 च्या दुरुस्तीत तर गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातला 'नवरा' काढून 'जोडीदार' घातलं. नाव फोडलं तर वर्षापर्यंत कैद. पण गंमत बघा, ते कलम डॉक्टरला लागू आणि जिचा गर्भपात झालाय तिच्यापुरतं. काउंटरवरची बाई डॉक्टर नाही आन वहिनीचा तर अजून झालाच नव्हता, म्हणजे दोघी कलमाच्या बाहेर! बदल करायचाय तर इथं करा.

नवी_पेठ_मेडिकल: डॉक्टरला काय हे माहीत नसतंय का बे? उद्या नवरा चार पोरं घेऊन येतो, "माझं पोर मारलं" म्हणून काचा फोडतो. दवाखान्यावरच्या हल्ल्याविरुद्ध 2010 चा कायदा हाय, तीन वर्षांपर्यंत कैद आन 50 हजारापर्यंत दंड, पण तो काचा फुटल्यावर. वरून दोन पोरींची आई आली की लिंगनिदानाचा संशय, रजिस्टरची तपासणी, मशीन सील. सही मागतात ती भ्यायल्यामुळं, हौस म्हणून नाही.

गिरणगाव_लेक: सातव्या आठवड्याला सोनोग्राफीत पोरगा का पोरगी काय दिसतंय ओ? भीती तुमची, आन भोगायचं वहिनीनं? बरं सही मागा, पण वरडून कशाला?

नवी_पेठ_मेडिकल: वरडायला नको होतं, मान्य. सहीचं मात्र मी डॉक्टरच्याच बाजूनं.

सात_रस्ता_काका: मग वहिनीचं काय झालं शेवटी?

गिरणगाव_लेक: झालं दुसरीकडं, नवव्या आठवड्यात. भावानं कारखान्याची एक हजेरी बुडवली आन सही द्यायला आला. फॉर्मवर नवऱ्यासाठी रकानाच नव्हता, तर त्याला कोपऱ्यात करायला लावली.