मुलांना शिव्या घालतो, मुलींना नाही. बंद कराव्यात का?

पिवळी_शिट्टी:
मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे. १८ वर्षं मुलांचा फुटबॉल संघ माझ्याकडं आहे. तोंड घाण आहे माझं, लपवायचं काय. पेठेत वाढलोय. तालमीच्या कट्ट्यावर कुणी शिवी न देता हाक मारली तर 'काय राव, रागावलायस व्हय?' असं विचारणारी माणसं आम्ही. शाहू स्टेडियमला ज्यांनी लीगची मॅच बघितलीय त्यांना जास्त सांगायला नको.

गेल्या जूनपासून शाळेनं मुलींचाही संघ काढला. मैदान एकच, अर्ध्यात मुलं, अर्ध्यात मुली. इकडं तोंड केलं की 'अरे भ...' आणि तिकडं वळलो की 'बाळ, जरा पुढं ये बघू, शाब्बास.' मला स्वतःला हे कळतही नव्हतं. परवा आमची गोलकीपर, नववीतली पोरगी, ग्लोव्हज काढत माझ्यापुढं उभी राहिली.

"सर, पोरांचा एक बॉल सुटला तर केवढ्या शिव्या घालता. काल माझे तीन गोल गेले तर म्हणालात, 'असू दे बाळ.' आमच्याकडनं कायच अपेक्षा नाही व्हय?"

उत्तर सुचलं नाही. घरी जाताना रंकाळ्यावर गाडी लावून बसलो. पोरींना शिवी का जात नाही? तर माझ्याकडच्या झाडून सगळ्या शिव्या आईबहिणीवरच्या. पोरीसमोर त्या काढायची लाज वाटते. मग पोरांसमोर का वाटत नाही? आया त्यांनाही आहेत, पालकसभेला येतात, मला नमस्कार करतात.

दोन दिवस तोंड आवरून बघितलं तर पोरं विचारायला लागली, सर आजारी हायसा काय. शाळेत असताना जे कुठला खेळ खेळलेत त्यांनी सांगा. गुरूच्या महतीवर प्रवचन नको.

डावखुरा_विंगर:
सर, अजिबात बंद करू नका. दहावीत असताना माझा घोटा गेला. आमच्या सरांनी मला एम-ऐंशीवर मागं बसवलं आणि दवाखान्यापर्यंत अखंड शिव्या घातल्या. 'बघून खेळायला काय झालं होतं रे', आणि मध्ये मध्ये बाकीचं. तिथं पाय इतका सुजला होता की बूट निघेना, तर शिव्या देत देतच त्यांनी स्वतः कात्रीनं बूट कापला. बिल त्यांनीच भरलं. वडिलांनी नंतर द्यायला काढले तर त्यांनाही एक हासडली.

आता पुण्यात नोकरीला आहे. आमचे साहेब शिवी देत नाहीत. 'बघू या आपण' म्हणतात आणि मार्चमध्ये बरोबर मान कापतात. मला ते सर परवडले.

मुग्धा_ना:
विंगर, तुम्ही खेळणाऱ्या अकरा जणांत होता म्हणून ही आठवण गोड आहे. त्याच सरांबद्दल राखीव बाकावरच्या मुलाला कधी विचारलंत?

आमचा अनुभव उलटा आहे. मुलाच्या कबड्डीच्या सरांच्या तोंडून शिवी म्हणून कधी ऐकली नाही, भाषा अगदी शुद्ध. मुलगा अंगानं किरकोळ. चढाईला जाऊन बाद होऊन आला की सर सगळ्यांसमोर शांतपणे विचारायचे, 'घरी जेवायला घालतात ना?' बाकीची मुलं हसायची. रोज तेच. शनिवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर त्याचे नीकॅप्स सापडले, जुन्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलेले. तेव्हा कुठे तोंड उघडलं त्यानं.

तक्रार केली नाही आम्ही. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, संघातून नाव गेलं तर ते जातील, एवढाच हिशेब केला. लाज वाटते, पण केला. तेव्हा सर, तुम्ही नुसते शब्द मोजत बसू नका.

लाइनमन_आबा:
मी शालेय सामन्यांना रेफरी असतो. बाकाला खेटून लाइन धरतो, त्यामुळं ऐकायला सगळं येतं. नियमाचं आधी सांगतो. २०१९-२० च्या हंगामापासून बाकावरच्या कोचलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि शिवराळ भाषेला थेट लाल आहे. बाकावरनं कोण बोललं ते ओळखता आलं नाही तर कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य कोचच्या नावावर पडतं. शाळेचं बघायचं तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंतची पोरं त्यात आलीच. शालेय सामन्यात लाल दाखवायला आमचाही हात जड होतो, ते वेगळं.

पण मला सलतं ते दुसरंच. डिफेंडरचा पास चुकतो. कोच ओरडतो, 'अरे अमुकच्या, काय करतोयस!' पोरगं काय करतं? मान वळवून बाकाकडं बघतं. तेवढ्यात समोरचा स्ट्रायकर त्याच्या पाठीमागनं निघून गेलेला असतो. हे मी किती वेळा बघितलंय. 'डावीकडं माणूस' एवढे दोन शब्द त्याच दमात बसतात. शिवीतनं त्या पोराला काय कळतं? आपण चुकलो. ते त्याला आधीच कळलेलं असतं.

पोल_ते_पोल:
आमचे खो-खोचे सर शिवीऐवजी भाजीचं नाव घ्यायचे. माझा सूर नेहमी पोलच्या अलीकडे पडायचा, तर 'अरे पडवळा!' आज मला दोन मुलं आहेत आणि गावात अजून पडवळ म्हणतात. हा उपाय करणार असाल तर जपून.

पिवळी_शिट्टी:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. मुग्धाताई, तुमचं वाक्य डोक्यातनं जाईना. माझ्या बाकावर एक पोरगा आहे, तिसरं वर्ष चाललंय त्याचं. बाटल्या भरतो, बिब्स गोळा करतो, जाळीला गाठी मारतो. त्याला मी आजवर एक शिवी दिलेली नाही. नावानंही कधी हाक मारली नाही, 'ए पाणी' म्हणतो. गोलकीपर पोरगी जे म्हणत होती ते मला या पोरावरनं उमगलं.

गुरुवारी तिच्या गोलमागं अर्धा तास उभा राहिलो. तिला सांगितलं, सगळं वजन टाचेवर टाकून उभी राहतेस म्हणून डावीकडचा बॉल निघायच्या आधीच गेलेला असतो. हे सुधारलं नाहीस तर जिल्ह्याला दुसरी कीपर उतरवीन. 'बाळ' म्हणालो नाही. तोंड एवढंसं झालं तिचं, जाताना बोललीसुद्धा नाही. शुक्रवारी साडेसहाच्या सरावाला सहालाच येऊन भिंतीवर बॉल मारत होती.

पोरांच्या बाजूला आज दोन सुटल्या. पहिली गिळता आली असती. दुसरी आबांच्या कानावर गेली असती तर लाल नक्की होतं.

आणि एक काम होतं. त्या बाटलीवाल्या पोराला शनिवारी राइट बॅकला उतरवतोय. त्याच्याकडं स्टडचे बूट नाहीत. कुणाच्या घरी सात नंबरचे पडून असतील तर मेसेज टाका, मी येऊन घेऊन जातो.