गुडघ्याखाली काच हवीच कशाला?

धागालेखक: आमचं ऑफिस जमिनीपासून छतापर्यंत काचेचं आहे, माझं टेबल पश्चिमेला. दुपारचे तीन वाजले की सगळे उठून पडदे ओढतात आणि दिवे लावतात. पडदा आतून असल्यामुळे ऊन आधीच आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. उजेड आत किती खोलवर पोचणार हे काचेच्या वरच्या कडेवर ठरतं. टेबलाखालच्या काचेचा त्यात काहीच उपयोग नाही. माझं ठाम मत आहे, पूर्ण काचेची इमारत बांधूच नये.

फसाडचं (इमारतीच्या बाहेरच्या दर्शनी भागाचं) काम करणारा: अजिबात पटलं नाही. तुमची काच नुसती टिंटेड दिसते. साध्या काचेतून उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते, चांगल्या सोलर कंट्रोल काचेतून २५-३० टक्के. स्वस्तातली काच निवडायची आणि खापर सगळ्या काचेवर फोडायचं, हे बरोबर नाही.

धागालेखक: मग यू-व्हॅल्यूचंही बोलूया, म्हणजे काचेतून किंवा भिंतीतून उष्णता किती सहज पार होते त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. लो-ई कोटिंग (उष्णता अडवणारा पातळ लेप) असलेली आणि मध्ये आर्गॉन वायू भरलेली दुहेरी काच १.१ च्या आसपास येते. इन्सुलेशन घातलेली भिंत ०.३ ला सहज येते. म्हणजे तुमची चांगली काचसुद्धा भिंतीच्या तिपटीहून जास्त उष्णता आरपार जाऊ देते. शिवाय आमच्याकडे दोन काचांच्या मध्ये धुकं धरलंय. खालच्या कोपऱ्यातून सुरू झालं, आता हातभर वर चढलंय. ते ना आतून पुसता येतं, ना बाहेरून.

फसाडचं काम करणारा: खालच्या कोपऱ्यातून ना? फ्रेमच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, वीप होल. ती बघा. एका कामावर शेवटच्या फिनिशिंगला कुणीतरी त्यांच्यावरून सिलिकॉन फिरवलेलं मी स्वतः कापून काढलंय. पाणी तुंबतं, काचेची कड भिजत राहते, सील सुटतं, दमट हवा आत शिरते. दोन काचांच्या मधल्या पट्टीतले, म्हणजे स्पेसरमधले, ओल शोषणारे दाणे ओलीने पूर्ण भरले की धुकं दिसायला लागतं.

आर्किटेक्ट: सगळंच खापर कारागिरीवर नको. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटच्या आत वळलेल्या काचेने २०१३ मध्ये ऊन एकवटून रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळवले. चूक आकाराची होती. नंतर बाहेरून सनशेड लावावे लागले. बॉस्टनच्या हॅनकॉक टॉवरच्या तर १०,३४४ काचा बदलल्या, कारण दुहेरी काचेच्या कडेचा जोड इतका कडक होता की त्याला लवच नव्हती आणि काचा तडकत होत्या. आणि गुडघ्याखाली काचेमागे इन्सुलेशन देता येतं. स्पँड्रल म्हणतात त्याला. बाहेरून अखंड काच, आतून भिंत.

धागालेखक: आमच्याकडे स्पँड्रल फक्त स्लॅबसमोर आहे. तो टेबलापर्यंत वर नेता आला असता?

फसाडचं काम करणारा: आला असता, आणि इथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण हे ड्रॉइंगवरच ठरायला हवं. काच आणि फ्रेमचे युनिटाइज्ड पॅनेल कारखान्यातून जोडून साइटवर आले की मग काही करता येत नाही.