कोची सहल: फोर्ट कोचीला अर्धाच दिवस?

सेक्रेटरी: कोची-मुन्नारचा प्रोग्रॅम काल रात्री टाकलाय. आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी कन्फर्म करा, ॲडव्हान्स द्यायचाय. 🙏

बी-२०४ काकू: वाचला. शुक्रवारी फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, म्हणजे कोचीचा जुना भाग, मिळून अर्धा दिवस, आणि त्यानंतर मॉलमध्ये अडीच तास? मॉल बघायला विमानाने जायचंय का आपल्याला?

ए-३०१ दादा: काकू, मुलांनाही काहीतरी हवं ना. सगळी सहल चर्च आणि कबरींची नको.

ए-१०१ काका: शुक्रवारी मट्टांचेरीचा राजवाडा बंद असतो.

सी-४०२: कन्फर्म. चार जण. खिडकीची सीट मिळाली तर बघा.

बी-२०४ काकू: दादा, तिथे फक्त कबरी नाहीत. १३४१ च्या पुरात पेरियार नदीने जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजवलं आणि कोचीची खाडी जहाजांना मोकळी झाली, असं मानतात. त्या एका पुरामुळे पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे तिथे आले. ते सगळं चालत बघण्यासारखं आहे आणि आपण त्याला चार तास देतोय.

ए-३०१ दादा: चालत? आईचे गुडघे माहीत आहेत ना सगळ्यांना.

बी-२०४ काकू: फोर्ट कोचीत चढ नाही. सावलीचे मोठे वृक्ष आहेत. मट्टांचेरीला रिक्षा.

ए-१०१ काका: परत सांगतो. शुक्रवारी राजवाडा बंद.

सी-१०३: चर्च तर गोव्यातही बघितली की. वास्को द गामाची कबर कशाला बघायची? लुटारूच तो.

बी-२०४ काकू: कबर आता रिकामी आहे. १५२४ मध्ये तो कोचीतच मेला, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या. तुम्हाला त्याचा राग असेल, मलाही आहे. पण सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ चं आहे, मूळ लाकडी होतं. आत वर लांब कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या. बाहेर बसून माणसं दोरी ओढायची आणि आतल्यांना वारा लागायचा. ते एकदा डोळ्यांनी बघा, मग राग कोणावर करायचा ते आपोआप कळेल.

सी-१०३: बरं. तुमच्याशी वाद घालायला मी इतिहासाची शिक्षिका नाही.

ए-२०२ काकू: पार्किंगमध्ये आजही तीच पांढरी गाडी माझ्या जागेवर आहे. ग्रुपवर सहलीच्या गप्पा मारायला सगळ्यांना वेळ आहे!

सेक्रेटरी: काकू, तो विषय मीटिंगला घेऊ. 🙏

ए-२०२ काकू: मागच्या मीटिंगलाही असंच म्हणाला होतात.

सी-३०३ ताई: माझं माहेर सारस्वतांचं म्हणून सांगते. मट्टांचेरीत चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ आहे. पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्यातून गेलेली माणसं ती, अजून घरात कोकणी बोलतात. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ग्रंथ करवून घेतला, त्यात वैद्य इट्टी अच्युतनबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी माहिती दिली. १६७८ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचं कोकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत आहे. प्रोग्रॅममध्ये या देवळाचं नावसुद्धा नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

बी-२०४ काकू: ताई, हे मला माहीत नव्हतं. आता तर अर्धा दिवस नकोच.

बी-५०१: तिथे व्हेज मिळेल का? हंपीला आमच्या घरच्यांचे हाल झाले होते. तेव्हाही सगळं ठीक आहे असंच सांगितलं होतं.

सेक्रेटरी: हंपीची व्यवस्था माझ्याकडे नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०३ ताई: मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, धर्मनाथांचं जैन मंदिर आहे. व्हेजची काळजी नको.

ए-१०१ काका: शुक्रवारी राजवाडा बंद. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. सोमवारी हिल पॅलेस म्युझियम टाकलंय, तेही सोमवारी बंद असतं. आता तरी कोणी वाचा.

ए-३०१ दादा: अरे काका, मग राहिलं काय! समुद्र तरी चालू असतो का शुक्रवारी?

सी-४०२: 😂😂

ए-१०१ काका: हसण्यासारखं काय आहे यात? म्हाताऱ्या माणसांना उन्हात बंद दारापुढे उभं करणार आहात का?

बी-२०४ काकू: काकांचं बरोबर आहे. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला म्हणून डच पॅलेस. बाहेरून साधा. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. तेच चुकलं तर मट्टांचेरीला जायचं कशाला? आणि सिनेगॉग १५६८ चं. चपला बाहेर काढायच्या, आत निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हाताने रंगवलेल्या. अनवाणी उभं राहून एकेक फरशी बघावी अशी ती जागा आहे.

सेक्रेटरी: मी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "मॅडम लोक शॉपिंगसाठी मॉल मागतात."

ए-२०२ काकू: कोणी मागितला मॉल? नाव सांगा.

सी-१०३: मीही नाही मागितला.

ए-३०१ दादा: मी मुलांसाठी बोललो, तेवढंच.

बी-२०४ काकू: मुलांना फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी दाखवा. एका मोठ्या लाकडी सांगाड्याला जाळं, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले दगड. एक माणूस तुळईवर चालत पुढे जातो आणि त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. मग चार-पाच जण दोर ओढतात आणि दगड एकेक करून खाली येतात. मासे हाताला थोडेच लागतात, मांजरं आणि बगळे मात्र आधीपासून टपून बसलेले. आणि जेट्टीवरून बोटीने जा म्हणावं. समोरचं विलिंग्डन बेट बंदरातला गाळ उपसून तयार केलंय, ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. कुठल्या मॉलमध्ये मिळेल हे?

ए-३०१ दादा: बोटीत आईला चढता येईल का, एवढंच सांगा.

सी-३०३ ताई: वॉटर मेट्रोने जा. धक्का तरंगता आहे, बोट आणि धक्का एका पातळीला राहतात. व्हीलचेअरसुद्धा जाते. हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोची.

ए-३०१ दादा: मग माझी हरकत नाही.

ए-१०१ काका: विमानतळावरून थेट मुन्नारला जा. शनिवारी रात्री कोचीत परत या, रविवार अख्खा फोर्ट कोची-मट्टांचेरीला द्या. रविवारी राजवाडा आणि सिनेगॉग दोन्ही उघडे. चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असते, ते दुपारनंतर बघा.

सेक्रेटरी: काका, हे आधी सांगितलं असतं तर…

ए-१०१ काका: प्रोग्रॅम आम्हाला काल रात्री मिळाला.

सेक्रेटरी: ट्रॅव्हल्सवाला तयार आहे. मॉल काढला, हिल पॅलेस काढला, रविवार पूर्ण मोकळा. तिरुमल देवस्वमही टाकलं. एसी बस तीच. पैसे तेवढेच.

सी-१०३: मॉल काढला तर पैसे तेवढेच कसे?

बी-५०१: कन्फर्म. तीन जण, दोन व्हेज.

ए-१०१ काका: नवीन प्रोग्रॅम वार घालून टाका, नुसत्या तारखा नकोत.