कूपर ब्लॅकला सेरिफ आहेत हो!
कुणीतरी म्हटलंय की कूपर ब्लॅक सेरिफ (म्हणजे अक्षरांच्या रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला) नाहीच, नुसता गुबगुबीत फाँट आहे. नाही हो, सेरिफ आहेत, फक्त टोकं इतकी गोल केलीयेत की पटकन दिसत नाहीत, मोठा करून बघा. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने काढला, १९२२ चा, मथळे आणि जाहिरातींसाठीच, त्यामुळे लांबून नजरेत भरणं हेच त्याचं काम. अक्षरांचे पाय सपाट नाहीत, किंचित फुगीर, आणि इंग्रजी O च्या आतली पोकळी मागे कललेली, म्हणून एवढा जाड असूनही अंगावर येत नाही, मला तर फार मायाळू वाटतो. ईझीजेट या विमान कंपनीचा केशरी लोगो आठवा, तो याच फाँटमध्ये आहे. फक्त परिच्छेदाला वापरू नका प्लीज, बारीक साइजला आतल्या पोकळ्या बुजतात आणि वाचताना डोळे दुखतात.