मदत हवी आहे: प्लेटिंगच्या टाकीवर हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं सॅम्पलिंग

नमस्कार मंडळी. हार्ड क्रोमच्या (धातूच्या भागांवर क्रोमियमचा कठीण थर चढवण्याच्या) टाक्यांवर काम करणाऱ्यांच्या श्वासात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं घातक रूप) किती जातं, ते मोजायचं आहे. पंप कमरेला, कॅसेट (फिल्टरची डबी) कॉलरपाशी, ३७ मिमीचा पीव्हीसी फिल्टर, मिनिटाला २ लिटर हवा, पाळीच्या आधी-नंतर कॅलिब्रेशन. इथपर्यंत सगळं ठीक.

खरी अडचण फिल्टर काढल्यावर. क्रोमिक आम्लाचे तुषार फिल्टरवर बसले की त्यातला हेक्साव्हॅलंट हळूहळू ट्रायव्हॅलंट (क्रोमियमचं दुसरं, कमी घातक रूप) होत जातो, म्हणजे आकडा खोटा कमी येतो. फिल्टर जागेवरच कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकावा असं वाचलंय. कोणी प्रत्यक्ष असं करतं का? कुप्या लॅबकडून मिळतात की आपणच भरायच्या? (मागच्या लॅबने फक्त एकूण क्रोमियमचा रिपोर्ट दिला. कॅन्सरचा धोका हेक्साव्हॅलंटचा, त्यामुळे तो आमच्या काहीच कामाचा नाही.)

दुसरं, जॉब (प्लेटिंग केलेला भाग) टाकीतून वर काढताना ऑपरेटर अगदी वाफेवर वाकलेला असतो. त्या कामाचं वेगळं सॅम्पल घ्यावं असं मला वाटतं. पण १५ मिनिटांत जेमतेम ३० लिटर हवा जाते. ओशाच्या (अमेरिकेची कामगार सुरक्षेचे नियम करणारी संस्था) ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या आठ तासांच्या मर्यादेइतकी हवा असली तरी फिल्टरवर ०.१५ मायक्रोग्रॅमच येणार. नायॉशची (तिथलीच कामगार आरोग्यावर संशोधन करणारी संस्था) शिफारस तर ०.२ ची, तिथे पूर्ण पाळी लागेल. एवढं कमी पकडणारी पद्धत लॅबकडे आहे का, हे नेमकं कसं विचारायचं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माणसं रोज त्या टाकीवर उभी आहेत.