भोरडीला 'पळसमैना' का म्हणतात?

प्रश्न (अथणी तालुका):
नमस्कार. शाळूच्या कणसांत हुरडा भरू लागला, की आमच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात आणि माळ्यावरच्या राखणदाराला दिवसभर उसंत मिळत नाही. पुस्तकांत याच पक्ष्याचे नाव 'पळसमैना' असे दिलेले आहे. त्या दिवसांत पळसाला फूल नसते आणि पक्षीही गुलाबी न दिसता मळकट तपकिरी दिसतो. मग हे नाव, तसेच इंग्रजीतले 'रोझी' (गुलाबी) हे विशेषण, त्याला कशावरून मिळाले असावे?

उत्तर (निपाणी):
ही दोन्ही नावे हंगामाच्या अखेरीस पटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुलल्यावर हेच थवे मधासाठी त्या झाडांवर गर्दी करतात आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परततात. रंगाचे म्हणाल, तर शरद ऋतूत आलेल्या नव्या पिसांची टोके तपकिरी असतात. ती हिवाळाभर झिजत जातात, तसतसा खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. शिवाय थव्यात त्याच वर्षीची पिल्लेही असतात आणि त्यांच्या अंगावर गुलाबी छटा नसतेच.

उत्तर (बेळगाव):
याचे शास्त्रीय नाव 'पास्टर रोझिअस' असे आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली याला कस्तुर पक्ष्यांच्या कुळात घालून 'टर्डस रोझिअस' म्हटले; 'पास्टर' ही स्वतंत्र प्रजाती डच पक्षितज्ज्ञ टेमिंकने १८१५ साली मांडली. लॅटिनमध्ये 'पास्टर' म्हणजे मेंढपाळ. चरणाऱ्या जनावरांच्या मागून चालत, त्यांच्या पायांमुळे गवतातून उडणारे किडे हा पक्षी टिपतो, म्हणून हे नाव. रंग ऋतूप्रमाणे बदलतो, सवय बदलत नाही. त्यामुळे मला तरी हेच नाव सर्वांत नेमके वाटते.

उत्तर (चिकोडी):
वरील माहितीत एक भर घालतो. ब्रिटिश काळातील इंग्रजी पक्षिग्रंथांत त्याला 'ज्वारी बर्ड' असेही म्हटलेले आढळते, म्हणजे अथणीच्या शेतकरी बंधूंची तक्रार तेव्हाही ठाऊक होती. विणीच्या प्रदेशात मात्र त्याची ख्याती नेमकी उलटी आहे. तेथे तो टोळ आणि नाकतोडे जेथे मुबलक असतील तेथेच मोठ्या वसाहती करून पिल्ले वाढवतो, आणि चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या जातात.