‘मांडणी-फाईल’ म्हणावे की ‘जुळवणी-फाईल’?

कणकवलीकर:
आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत संगणकांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली आहे आणि तिथल्या शिक्षकांसाठी मी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहीत आहे. ‘कॉन्फिगरेशन फाईल’साठी मी ‘मांडणी-फाईल’ लिहिले आणि पुढे अडलो, कारण डेबियनच्या नियमावलीत ‘कॉन्फिगरेशन फाईल’ आणि ‘कॉनफाईल’ हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रोग्रॅमच्या वागण्यावर परिणाम करणारी कोणतीही फाईल ही पहिल्या प्रकारची. दुसरी मात्र पॅकेजने, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याने, आपल्या यादीत नोंदवलेली, आणि म्हणून डीपीकेजी ही पॅकेज बसवणारी आज्ञावली जिच्यावर नजर ठेवते ती. अशा फाईलमध्ये आपण बदल केला असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर डीपीकेजी थांबून कोणती ठेवायची ते विचारते, आणि आपण नुसते एंटर दाबले तर आपलीच ठेवते. मराठीत दोन्हींना एकच नाव दिले की हा भेद नाहीसा होतो. त्यातच मसुदा वाचून आईने विचारले, “मांडणीर भांडी ठेवतत, फायली कित्याक?” कृपया दोन वेगळे शब्द सुचवावेत.

देवगडकर:
आईंची शंका हसण्यावारी नेऊ नये. आमच्याकडेही मांडणी म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरची फळ्यांची चौकट, म्हणजे वस्तू ठेवायची जागा. त्या अर्थाने या फायली जिथे ठेवतात ती ईटीसी ही डिरेक्टरीच खरी मांडणी ठरते, आणि आतल्या फायलींना ‘जुळवणी’ हा शब्द शोभतो. माझे मामा भजनात पखवाज वाजवत. पखवाज घडवणारा तो घडवून देतो, पण डाव्या तोंडाला कणीक किती लावायची हे वाजवणारा त्या रात्रीच्या पेटीचा सूर ऐकून ठरवतो. पॅकेज बांधणारा आणि यंत्र सांभाळणारा यांचे नाते मला नेमके असेच दिसते.

दापोलीकर:
कणीक ठीक आहे, परंतु ‘फाईल’ कशासाठी? ‘धारिका’ हा शब्द उपलब्ध असताना अर्धा मराठी आणि अर्धा इंग्रजी असा जोडशब्द पुस्तिकेत घालणे हा आळस आहे. शिवाय ‘मांडणे’ हे ‘मण्डन’वरून आले असावे असे मला वाटते, म्हणजे त्यात सजावटीची छटा आहे, आणि या फायलींत सजावट अजिबात नसते.

वेंगुर्लेकर:
माझी नोकरी ‘नस्ती’ हा शब्द लिहिण्यात गेली, तरी टेबलावरची नस्ती मागताना साहेबांसकट सगळे ‘फाईल’च म्हणत. आणि सजावटीचे म्हणाल, तर शिमग्याचा ‘मांड’ घ्या. तिथे सजावटीपेक्षा कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर, हा क्रम महत्त्वाचा असतो. सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या ज्या डिरेक्टरींच्या नावाअखेरीस टिंब आणि ‘डी’ असते, त्यांतही क्रमालाच महत्त्व आहे: आतल्या जोड-फायली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून लोक नावाआधी 10 किंवा 90 असे आकडे घालतात, आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली असेल तर नंतरची वरचढ ठरते. तेव्हा ‘मांड’ घ्यावा. जाता जाता, ईटीसी म्हणजे मुळात ‘इत्यादी’च, जुन्या युनिक्समध्ये तिथे काही प्रोग्रॅमही ठेवलेले असत, आता मात्र तिथे चालवायचे प्रोग्रॅम ठेवू नयेत असा संकेत आहे.

देवगडकर:
मांडावर शेवटी येणारा वरचढ ठरतो, असे आमच्या गावात म्हणून पाहा!

कणकवलीकर:
आपणा सर्वांचे आभार, परंतु माझा प्रश्न दोन शब्दांचा होता. डीपीकेजी जिच्याबद्दल विचारते आणि जिच्याबद्दल विचारत नाही, या दोहोंना काय म्हणावे?

मालवणकर:
विचारण्यावरून आठवले. पॅकेज नुसते काढले तर त्याच्या या फायली मागे राहतात आणि ‘पर्ज’, म्हणजे समूळ काढ, म्हटले तरच त्या जातात, हे मुलांना समजावताना मी चाकरमान्याच्या बंद घराचे उदाहरण देतो. तो मुंबईला गेला तरी मांडणीवरची भांडी तशीच राहतात, आणि चतुर्थीला आल्यावर त्याला ती जिथल्या तिथे सापडतात. त्यामुळे माझे मत ‘मांडणी’लाच आहे, आणि तेही आईंच्याच अर्थाने.

दापोलीकर:
भांडी मांडणीवर राहतात, म्हणजे फायली भांडी झाल्या, मांडणी नव्हे. आपण देवगडकरांचाच मुद्दा सिद्ध केलात. ‘जुळवणी-धारिका’ असे लिहिल्यास माझी हरकत नाही.

वेंगुर्लेकर:
‘जुळवणी’ म्हटले की आमच्याकडे पत्रिका काढतात.

कणकवलीकर:
पुस्तिका सोमवारी छपाईला जायची आहे. तूर्त मी ‘मांडणी-फाईल’ आणि ‘नोंदलेली मांडणी-फाईल’ असे लिहिले आहे.

दापोलीकर:
‘नोंदलेली’ की ‘नोंदवलेली’?